रुग्णाला बांधण्याआधी आणि बांधल्यावर: पट्टा, कठडा आणि जाळीचा पलंग

माणसाला स्वतःहून सोडवता येणार नाही अशा वस्तूने त्याची हालचाल अडवली, की ते रिस्ट्रेंट झालं. मनगटाला गुंडाळलेली गॉजची पट्टी, पोटावरून घेतलेला पट्टा, समोर ट्रे अडकवलेली व्हीलचेअर, त्याला खाली करता न येणारे पलंगाचे कठडे, बाहेरून झिप लावलेला जाळीचा बंदिस्त पलंग, हे सगळं त्यात येतं. निव्वळ गप्प पडून राहावं म्हणून दिलेलं झोपेचं औषधही त्यातच येतं. आजोबा रात्री उठून पडतात, आई नाकातली नळी ओढते, समज कमी असलेला मुलगा झोपेतून उठून गॅसपाशी जातो. अशा वेळी घरचे किंवा वॉर्डातली माणसं बांधतात, ती बहुतेकदा काळजीपोटीच.

पण बांधलं की लक्ष कमी ठेवलं तरी चालतं, हा समज जिवावर बेततो. हात बांधलेल्या माणसाला उलटी आली तर कुशीवर वळता येत नाही, चादर तोंडावर आली तर बाजूला करता येत नाही, तहान लागली तर समोरचा पेला उचलता येत नाही. म्हणून मोकळ्या रुग्णापेक्षा बांधलेल्या रुग्णाजवळ जास्त माणूस लागतं. तेवढं माणूस नसेल तर बांधणं हा पर्याय तुमच्या हातात नाही, असंच धरून चालावं.

आधी कारण शोधा

काल बरं बोलणारा माणूस आज अचानक बडबडतो, नळ्या ओढतो, भिंतीवर माणसं दिसतात म्हणतो, तेव्हा तो बहुतेकदा डिलिरियम, म्हणजे अचानक आलेला भ्रम असतो आणि त्यामागे शरीरातलं काहीतरी बिघडलेलं असतं. लवकर तपासता येतं ते आधी तपासा. बोटाला ऑक्सिमीटर लावा. ऑक्सिजन ९४च्या खाली किंवा त्यांच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा कमी आहे का पाहा. ग्लुकोमीटरवर साखर बघा. ७०च्या खाली असेल तर तगमगीचं कारण सापडलं. मग ओटीपोटावर हात ठेवा. लघवी तुंबलेला म्हातारा माणूस सांगू शकत नाही, फक्त उठू पाहतो. कॅथेटर असेल तर नळी मांडीखाली दाबली गेली आहे का, पिशवी पोटाच्या पातळीच्या वर टांगली आहे का, हे बघायला अर्धा मिनिटही लागत नाही. पोट किती दिवसांत साफ झालेलं नाही ते विचारा. खुब्याचं हाड मोडलेल्या रुग्णाला वेदनाशामकाची वेळ चुकली असेल तर तो आधी चिडतो, दुखतंय हे मागाहून कळतं.

यानंतर डॉक्टरांकडे न्यायच्या गोष्टी: ताप, छातीचा किंवा लघवीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम (लघवी जास्त होण्याची गोळी घेणाऱ्या वयस्कांत ते पुष्कळदा उतरतं) आणि गेल्या आठवड्यात नवीन सुरू झालेली औषधं. सर्दीच्या आणि झोपेच्या साध्या गोळ्यांनीही वयस्क माणसाला भ्रम होतो. दारूबद्दल घरच्यांनी लपवू नये. रोज पिणाऱ्याची दारू ॲडमिट झाल्यामुळे अचानक तुटते आणि दोन-तीन दिवसांत हातांची थरथर, घाम, भास सुरू होतात. त्याचे उपचार वेगळे आहेत आणि ते न करता नुसतं बांधून ठेवलं तर माणूस दगावू शकतो.

चष्मा आणि कानाचं मशीन घरी राहिलेलं असेल तर त्याच दिवशी आणा. मुंबईच्या वॉर्डात आणखी एक अडचण असते, भाषेची. भ्रमात गेलेला माणूस लहानपणीच्या बोलीत बोलू लागतो, मालवणीत किंवा अहिराणीत, आणि समोरच्या सिस्टर केरळच्या असतात. उशाशी एक कागद चिकटवा: ‘यांना अण्णा म्हणा. डाव्या कानाने ऐकू येतं. मराठी समजतं, हिंदी थोडं. हात हलवून खाली बोट दाखवलं की लघवी लागली आहे.’ आयसीयूत भेटीची वेळ ठरलेली असते, तरी डिलिरियमच्या रुग्णाजवळ रात्री ओळखीचं एक माणूस बसू द्यावं अशी विनंती ड्यूटी डॉक्टरांना जरूर करा. सगळीकडे मानली जात नाही, पण मानली गेली तर बांधण्याची वेळ पुष्कळदा टळते.

नळ्या ओढणाऱ्या रुग्णासाठी पहिला प्रश्न रोज सकाळी विचारायचा: ही नळी अजून लागते का? काढता येणारी नळी काढून टाकणं हा सर्वांत चांगला उपाय. लागत असेल तर ती नजरेआड करा. सलाईनच्या जागी वर गॉज गुंडाळून लांब बाहीचा गाऊन, रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) नाकावर चिकटवून कानामागून पाठीकडे नेलेली, कॅथेटर मांडीला टेप लावून पायजम्याच्या आत. हाताला चाळा म्हणून रुमाल, जपमाळ किंवा मऊ चेंडू द्या. एवढं करूनही हात नळीकडे जात असेल तर बांधण्याआधी मिटन वापरा, म्हणजे बोटं झाकणारा गादीदार हातमोजा. हात मोकळा राहतो, फक्त पकड जाते. मिटन काढून बोटं दर दोन तासांनी बघावी लागतात, आत घाम आणि ओरखडे लपतात.

बांधावंच लागलं तर

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ९७ नुसार बंधन तेव्हाच घालता येतं जेव्हा रुग्णाला किंवा इतरांना होणारी तात्काळची इजा टाळायचा दुसरा मार्गच उरलेला नसतो, आणि त्याला उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाची परवानगी लागते. शिक्षा म्हणून, धाक म्हणून किंवा माणसं कमी आहेत म्हणून बांधता येत नाही. पद्धत, कारण आणि कालावधी केसपेपरवर लगेच नोंदवायचा, रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला (त्याच्या वतीने बोलायला नेमलेल्या माणसाला) २४ तासांच्या आत कळवायचं. एकट्याला कोंडून ठेवायला पूर्ण मनाई आहे. कलम ९५ साखळदंड कोणत्याही प्रकारे वापरायला मनाई करतं. तामिळनाडूतल्या एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी मनोरुग्णांच्या निवासाला आग लागली तेव्हा साखळीने बांधलेली २८ माणसं जळून गेली. त्यांना सोडवता आलं नाही. गाठ पटकन सुटली पाहिजे या नियमामागे अशा घटना आहेत.

हे कलम मनोरुग्णालयांना आणि सर्वसाधारण रुग्णालयांच्या मानसोपचार वॉर्डांना लागू आहे. मेडिकल आयसीयूत ते थेट लागू नसलं तरी नियम तोच पाळावा; रुग्णालयांना दर्जाची मान्यता देणाऱ्या एनएबीएचच्या मानकांतही रिस्ट्रेंटबद्दल लेखी धोरण अपेक्षित आहे. आणि घरी असो वा नर्सिंग होममध्ये, माणसाला बेकायदा अडवणं आणि कोंडणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ आणि १२७ खाली गुन्हे आहेत.

आता प्रत्यक्ष बांधणं. गॉजची पट्टी वापरू नये. ती पिळून दोरीसारखी होते आणि कातडीत रुतते. सुमारे पाच सेंटिमीटर रुंद, आतून मऊ अस्तर असलेला कफ घ्या. मनगटाच्या हाडावर कापूस ठेवा, कफ लावा, त्याखालून तुमची दोन बोटं सहज गेली पाहिजेत. तीन गेली तर हात निसटेल, एकच गेलं तर रक्त अडेल. डायलिसिसचा फिस्टुला (सुई टोचण्यासाठी जोडून केलेली रक्तवाहिनी) असलेल्या हाताला कफ लावायचाच नाही. पट्टा पलंगाच्या हलणाऱ्या चौकटीला बांधा, म्हणजे जो भाग रुग्णाबरोबर वर-खाली होतो त्याला. कठड्याला बांधला आणि कोणी कठडा खाली केला तर खांदा उखडू शकतो. पलंगाच्या स्थिर पायाला बांधला आणि डोक्याकडचा भाग वर केला तरी तेच होतं. गाठ सुरगाठच हवी, एका ओढीत सुटणारी. निरगाठ मारायची नाही. गाठ रुग्णाच्या हाताला लागणार नाही आणि नर्सला लगेच दिसेल अशा जागी. पट्टी कापायची कात्री उशाशी टांगलेली असावी.

रुग्ण पालथा कधीही ठेवायचा नाही. उताणा ठेवायचा तर डोकं ३० अंश वर. नुकतंच फीड, म्हणजे नळीतून अन्न, दिलं असेल तर हे फारच महत्त्वाचं. छातीवरून पट्टा नको, तो वर सरकून गळ्यावर येतो.

पहिली तपासणी १५ मिनिटांनी, आणि तगमग असेपर्यंत दर १५ मिनिटांनी. नख दाबून सोडा. दोन सेकंदांत गुलाबी झालं पाहिजे. बोटं गार आहेत का, निळी आहेत का, सुजली आहेत का, मुंग्या येतात का ते विचारा. दर दोन तासांनी कफ पूर्ण सोडा, रुग्ण मारत असेल तर एका वेळी एक हात. सांधे हलवा, पाणी पाजा, युरिनल द्या, कूस बदला, कफखालची कातडी पाहा. हा सोडलेला वेळ म्हणजेच परीक्षाही असते: हात दहा मिनिटं शांत राहिला तर परत बांधायचं कारण काय? आदेश २४ तासांपेक्षा जास्त चालू ठेवायचा नाही. डॉक्टरांनी रुग्ण स्वतः पाहून, हवा असेल तरच, नवा लिहायचा. ‘गरज पडेल तसं बांधा’ असा उघडा आदेश स्वीकारू नये.

औषधाबद्दल एवढं लक्षात ठेवा: पार्किन्सन्स किंवा लुई बॉडी डिमेन्शिया (स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार) असलेल्या रुग्णाला तगमग शमवायचं हॅलोपेरिडॉल दिलं तर शरीर लाकडासारखं ताठरतं. आजार नोंदलेला नसेल तर घरच्यांनी तो मोठ्याने सांगावा. आणि दारू तुटल्याची अवस्था सोडली तर लोराझेपामसारख्या गोळ्यांनी वयस्कांचा भ्रम बहुधा वाढतो.

नातेवाईकाने वॉर्डात भांडण न काढता विचारायचं ते असं: ‘सिस्टर, बाबांचे हात कशासाठी बांधले आहेत? कोणत्या डॉक्टरांनी लिहिलंय? किती वाजता बांधले आणि परत कधी सोडून बघणार? मी बसलो आहे, माझ्यासमोर थोडा वेळ सोडता का?’ शेवटच्या प्रश्नाला होकार मिळाला तर हात तुमच्या हातात घ्या आणि फोन बाजूला ठेवा.

घरचा पलंग आणि कठडा

प्रिन्सेस स्ट्रीटवरून किंवा परळच्या सर्जिकल दुकानातून भाड्याने फाउलर कॉट, म्हणजे डोक्याकडचा भाग वर होणारा रुग्णालयी पलंग, आणली जाते, तिच्याबरोबर कठडे येतात आणि गादी बऱ्याचदा तिसरीकडून. घोटाळा इथेच होतो. माणूस कठड्याच्या गजांमध्ये, कठड्याखाली किंवा कठडा आणि गादी यांच्या फटीत अडकतो. डोकं जातं, धड मागे राहतं, गळा दाबला जातो. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २००६ साली अशा अडकण्याच्या सात जागा ठरवून दिल्या. प्रौढांसाठी पहिल्या तीन जागांची मर्यादा १२ सेंटिमीटर आहे. कठड्याच्या टोकाशी, जिथे मान घसरून अडकते, तिथे ६ सेंटिमीटर.

हे मोजायला एक जुनी सीडी पुरते, तिचा व्यास बरोबर १२ सेंटिमीटर असतो. दुसरी सीडी मधोमध कापली की केंद्रापासून कडेपर्यंतचं माप ६ सेंटिमीटर मिळतं. सीडीची पूर्ण रुंदी फटीवर आडवी धरा: दोन गजांमध्ये, कठड्याच्या खालच्या दांडीखाली, कठडा आणि गादी यांच्या मध्ये. गादीशेजारची फट मोजताना गादी पलीकडच्या बाजूला पूर्ण ढकला आणि कडेवर कोपराने जोर देऊन दाबा, कारण माणूस वळतो तेव्हा तेच घडतं. गज हाताने थोडे ताणून पाहा, भाड्याच्या कॉटचे नटबोल्ट ढिले असतात. सीडी आत गेली तर तो कठडा त्या पलंगावर वापरायचा नाही. फटीत उशा कोंबणं हा उपाय नाही. उशी दबते, सरकते आणि नाकातोंडावर येते. पलंगाच्या मापाची गादी घ्या, किंवा रेक्झिनचं कव्हर घातलेला घट्ट फोमचा लोड चौकटीला बांधून घ्या. लहान मुलांसाठी १२ सेंटिमीटरचं माप मुळीच चालत नाही, तिथे सगळ्याच फटी ६ सेंटिमीटरच्या आत हव्यात.

अल्फा बेड, म्हणजे गादीवर घालायची हवेची गादी, घातल्यावर पुन्हा मोजा. हवेचा थर दोन-अडीच इंचांनी रुग्णाला वर उचलतो, म्हणजे कठडा तेवढाच बुटका होतो, आणि हवेची कड अंगाखाली दबून रुग्णाला बाहेर घसरवते. गादीच्या वर कठडा किमान २२ सेंटिमीटर राहायला हवा.

चालता येणाऱ्या पण भ्रमात असलेल्या माणसाला मात्र दोन्ही कठडे लावणं घातक आहे. तो कठड्यावरून चढून उतरतो आणि दीडऐवजी तीन-साडेतीन फुटांवरून पडतो. त्याच्यासाठी गादी जमिनीवर घाला. भारतीय बैठकीत वाढलेल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. उठण्यासाठी भिंतीला पकडदांडा, संडासापर्यंत रात्रीचा मंद दिवा, दाराला हलकी घंटा आणि बाहेरच्या दाराची कडी वरच्या बाजूला. वन रूम किचनमध्ये हे पलंगापेक्षा कमी जागेत बसतं.

जाळीचा बंदिस्त पलंग

चारही बाजूंनी आणि वरून जाळी, बाहेरून उघडणारी झिप, आत गादी. हा पलंग डोक्याला मार लागल्यावर सावरत असलेल्या, सतत उठू पाहणाऱ्या रुग्णासाठी, आणि तीव्र बौद्धिक अपंगत्व किंवा ऑटिझम असलेल्या, रात्री भटकणाऱ्या मुलांसाठी वापरतात. चारी हातपाय बांधण्यापेक्षा तो कितीतरी माणुसकीचा आहे, आत कूस बदलता येते, बसता येतं. तरीही तो रिस्ट्रेंटच आहे आणि त्याच्यामुळे मृत्यूही झालेले आहेत. अमेरिकेतल्या व्हेल प्रॉडक्ट्स कंपनीच्या बंदिस्त पलंगांत रुग्ण अडकून गुदमरले, एफडीएने कारवाई केली आणि २००५ साली कंपनीने उत्पादन कायमचं बंद केलं.

हा पलंग कुणाला देऊ नये: आत्महत्येचा विचार असणाऱ्याला, हिंसक झालेल्याला, बंद जागेची भीती असलेल्याला, वारंवार उलट्या होणाऱ्याला, जाळी चावून खाणाऱ्याला, आणि सलाईन, ऑक्सिजन किंवा फीडची नळी चालू असलेल्याला. नळी जाळीच्या आत गळ्याभोवती फिरते.

विकत घेता येत नाही म्हणून ग्रिलवाल्याकडून पिंजरा करून घेण्याचा विचार मनात येतो. करू नका. गजांच्या फटी, फिट आल्यावर डोकं आपटायला लोखंड, आणि आगीच्या वेळी कुलपाची किल्ली शोधायची. घडीची मच्छरदाणीही चालणार नाही. ती गादीखाली नुसती खोचलेली असते, मूल कडेला वळलं की गादी आणि कापड यांच्यामधल्या झोळीत पडतं आणि कापड तोंडावर ताणलं जातं.

चांगल्या पलंगात गादी तळाच्या कापडी खिशात पूर्ण बंद असते आणि जाळी गादीच्या पातळीलाच शिवलेली असते. घरी आल्यावर पहिल्या दिवशी मोठ्या माणसाने आत झोपून चारी कडांना अंग टाकावं, कोपराने कड दाबावी, डोकं कोपऱ्यात घालावं. हात मनगटापर्यंत आत जाईल असा खिसा कुठेही तयार झाला तर पलंग परत करा. डोक्याकडचा भाग वर होणारा पलंग असेल तर तो वर करूनही हेच बघा, कारण गादी दुमडली की नेमका तिथेच खिसा होतो. जाळीच्या भोकात बोट जाऊ नये आणि बाहेरून मुलाचा चेहरा सगळ्या बाजूंनी दिसावा.

झिप अर्धवट लागलेली राहणं सर्वांत वाईट. डोकं बाहेर येतं, धड आत राहतं. झिप एक तर पूर्ण बंद, नाहीतर पूर्ण उघडी. कुलूप कधीच नाही. घरातल्या प्रत्येकाने, कामाला येणाऱ्या मावशींनीही, दिवा बंद करून एका हाताने झिप उघडायचा सराव करावा. दहा आकडे मोजेपर्यंत मूल बाहेर आलं पाहिजे. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत धातूची झिप गंजून अडकते, त्यामुळे मोठ्या दातांची प्लास्टिकची घ्या आणि पावसाळ्यात दर आठवड्याला ओढून बघा. पावसाळ्यात गादीचं कव्हरही काढून आतला फोम तपासा, बुरशी तळाला धरते.

उकाड्याकडे दुर्लक्ष होतं. जाळीतून पंख्याचा वारा बराच कमी पोचतो, त्यात रेक्झिनची गादी. मे आणि ऑक्टोबरमध्ये टेबलफॅन बाहेरून बाजूने लावा, सुती चादर घाला आणि पाठीला हात लावून घाम बघा. वीज गेली तर झिप उघडून कोणीतरी जवळ बसायचं. पंखा, वायर, पडद्याची दोरी हात पुरेल त्यापलीकडे. आत जड पांघरूण, मोठ्या उशा आणि दोऱ्या असलेली खेळणी नकोत.

मुलाला पहिल्याच रात्री या पलंगात झोपवू नका. आधी दिवसा झिप उघडी ठेवून मूल आत खेळू द्या, मग पाच मिनिटं बंद करून तुम्ही बाहेर दिसाल असे बसा. ओरडलं, जाळीवर डोकं आपटलं, घामाघूम झालं तर थांबा, हा पलंग त्याच्यासाठी नाही. सवय झाली तरी वापर रात्रीच्या झोपेपुरताच. दुपारी स्वयंपाक उरकायचा आहे म्हणून आत ठेवणं म्हणजे कोंडणं. एपिलेप्सी असेल तर कॅमेरा पुरत नाही. आवाज ऐकू येईल इतक्या अंतरावर माणूस झोपलेलं हवं. उपयोग का, किती तास, कोण बघणार, हे मुलाच्या डॉक्टरांकडून आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून लेखी घ्या आणि दर तीन महिन्यांनी ते पुन्हा तपासा. ऑटिझम किंवा बौद्धिक अपंगत्व असलेलं मूल १८ वर्षांचं झालं की पालकांचा अधिकार आपोआप चालू राहत नाही. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो.

ब्युरोच्या माणसांशी

घरी रुग्ण सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून आलेली, बारा तासांच्या रात्रपाळीला एकटी बाई आणि उठणारा रुग्ण, अशा वेळी ओढणीने हात बांधण्याचा मोह तिला होतो. तिला दोष देण्यापेक्षा आधीच ठरवा. ब्युरोला लेखी द्या की घरच्यांना फोन केल्याशिवाय काहीही बांधायचं नाही, झोपेची जास्तीची गोळी द्यायची नाही. तिला सांगा, ‘मावशी, बाबा उठले तर आम्हाला उठवा, दोनदा उठवलं तरी चालेल.’ आणि उठवल्यावर चिडू नका. सकाळी अंग पुसताना मनगटं, घोटे आणि काखा तुम्ही स्वतः बघा. वळ किंवा लाल पट्टा दिसला तर फोटो काढा, तारीख टाका.

रुग्णालयात उत्तर मिळालं नाही तर आधी वॉर्डच्या सिस्टर इनचार्ज, मग मेडिकल सुपरिटेंडेंट यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मानसोपचार वॉर्ड असेल तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे तक्रार करता येते. घरी रुग्ण आवरेनासा झाला आणि काय करावं सुचत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लावा. श्वास, शुद्ध किंवा रक्तस्राव यांचा प्रश्न असेल तर रुग्णवाहिकेसाठी थेट १०८.